गळती नसताना गळतीचा कोड : टाकीच्या प्रेशर सेन्सरचं एक प्रकरण

पेट्रोलवर चालणारी एक सेडान. तक्रार एकच होती. चेक इंजिनचा दिवा लागतो, कोड पुसला की जातो आणि काही दिवसांनी पुन्हा लागतो. गाडीच्या चालण्यात काही फरक नाही, ॲव्हरेज पहिल्यासारखंच, पेट्रोलचा वास कुठेच नाही. आधीच्या गॅरेजमध्ये टाकीचं झाकण बदललं होतं, त्यानं भागलं नाही म्हणून टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्हही बदलला होता. तरी दिवा परत आलाच. स्कॅनर लावल्यावर दोन कोड मिळाले. पहिला पी०४४२, म्हणजे पेट्रोलच्या वाफेच्या यंत्रणेत लहान गळती. दुसरा पी०४५१, म्हणजे टाकीच्या प्रेशर सेन्सरचं रीडिंग परिस्थितीशी जुळत नाही.

हे दोन कोड सोबत आले की बहुतेक जण पहिल्याच्या मागे लागतात. गळती म्हटलं की शोधायला काहीतरी ठोस असतं: झाकणाचं रबर, होज, क्लिप, व्हॉल्व्ह. पण ती गळती ईसीयूला, म्हणजे गाडीच्या इंजिन-कंप्युटरला, कळली कशावरून? त्याच सेन्सरच्या रीडिंगवरून. आणि त्या सेन्सरवरच ईसीयूनं दुसरा कोड टाकलाय. अशा वेळी आधी सेन्सरची साक्ष तपासायची आणि ती खरी ठरली तरच गळती शोधायला निघायचं, असं माझं ठाम मत आहे. या गाडीत दोन भाग विनाकारण बदलले गेले ते हा क्रम उलटा झाल्यामुळे.

यंत्रणा कशी चालते ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. टाकीत पेट्रोलची वाफ सतत तयार होत असते. ती हवेत सोडायची नाही म्हणून कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये शोषून घेतात. इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि इनटेकच्या ओढीनं ही वाफ इंजिनात जाऊन जळते. कॅनिस्टरच्या दुसऱ्या तोंडाला व्हेंट व्हॉल्व्ह असतो. तो एरवी उघडा असतो आणि त्यातून बाहेरची हवा आत येते. तपासणीच्या वेळी ईसीयू व्हेंट बंद करतो, पर्ज उघडून टाकीत हलका व्हॅक्यूम तयार करतो, मग पर्जही बंद करून तो व्हॅक्यूम किती टिकतो ते पाहतो. ठरलेल्या वेळेत व्हॅक्यूम जास्त उतरला तर गळती आहे असं धरलं जातं. काही गाड्यांमध्ये पद्धत वेगळी असते, पण या गाडीत हीच होती. अमेरिकेत १९९६ पासून ओबीडी-२ (गाडीनं स्वतःचे दोष ओळखून कोड नोंदवायची ठरलेली पद्धत) सक्तीचं झालं तेव्हा ०.०४० इंच, म्हणजे साधारण १ मिलिमीटर भोकाएवढी गळती पकडणं अपेक्षित होतं. २००० च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्यानं ही मर्यादा निम्म्यावर, ०.०२० इंचावर आली. एवढ्याशा भोकाचा निवाडा एका सेन्सरच्या काही दशांश किलोपास्कलच्या हालचालीवर होतो. म्हणून त्या सेन्सरचा शून्य थोडासा सरकला तरी पुढचा सगळा हिशोब चुकतो.

या सेन्सरला तीन वायर असतात: ५ व्होल्टचा सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. या गाडीतल्या सेन्सरची रेंज उणे २.५ ते अधिक २.५ किलोपास्कल होती आणि सिग्नल ०.५ ते ४.५ व्होल्ट. म्हणजे टाकीतला दाब बाहेरच्या हवेएवढा असेल तर २.५ व्होल्ट यायला हवेत आणि दर किलोपास्कलला ०.८ व्होल्टचा फरक पडायला हवा. हे आकडे गाडीगणिक बदलतात. काही सेन्सर शून्य दाबाला दीड व्होल्टच्या आसपास असतात, आणि काहींमध्ये व्हॅक्यूम वाढला की व्होल्टेज वर जातं. त्यामुळे त्या गाडीचा तक्ता हातात नसेल तर मल्टिमीटर लावून उपयोग नाही.

पहिली तपासणी

कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड पडला त्या क्षणाची ईसीयूनं साठवलेली नोंद, पाहिली. गळतीचा कोड पडला तेव्हा टाकी अर्धी भरलेली होती, बाहेरचं तापमान चढं होतं आणि गाडी एकसारख्या वेगात होती. हे लिहून ठेवलं. कोड पुसला की हा सगळा पुरावा जातो, आणि घाईत असलेल्या माणसाच्या हातून पहिलं बटण तेच दाबलं जातं.

मग या कामातली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात मोलाची तपासणी केली. इग्निशन चालू, इंजिन बंद, टाकीचं झाकण काढलेलं. टाकी हवेला उघडी असताना आत दाब नाही आणि व्हॅक्यूमही नाही, त्यामुळे सेन्सरनं शून्य दाखवायलाच हवं. रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीवर २.५१ व्होल्ट आले आणि स्कॅनरवर जवळजवळ शून्य. बिनचूक. इथे थांबलो असतो तर सेन्सर चांगला असा शेरा मारून गळती शोधायला यंत्रणेत धूर सोडायला गेलो असतो.

पण दिवा गरम दिवशी चालत्या गाडीत लागत होता, म्हणून गाडी बाहेर काढून चांगली फिरवून आणली. परत येऊन इंजिन बंद केलं, झाकण उघडलं, इग्निशन चालू केलं. आता सिग्नल १.९० व्होल्ट, स्कॅनरवर उणे ०.७५ किलोपास्कल. म्हणजे पाण्याच्या उंचीत मोजलं तर साधारण ७६ मिलिमीटरचा व्हॅक्यूम, तोही झाकण उघडं असलेल्या टाकीत आणि इंजिन बंद असताना. हे शक्यच नाही. सेन्सर किंवा त्याची वायरिंग, दोघांपैकी कोणीतरी चुकीचं सांगत होतं, किंवा टाकी आणि सेन्सर यांच्यामधली वाफेची नळी तुंबून सेन्सरच्या तोंडाशी व्हॅक्यूम अडकला होता. ही तिसरी शक्यता लक्षात ठेवायला हवी, कारण या गाडीत सेन्सर टाकीच्या डोक्यावर नव्हता. तो मागच्या बाजूला कॅनिस्टरजवळच्या नळीवर बसवलेला होता.

वायरिंगचा हिशोब

गाडी गरम असतानाच सेन्सरच्या कपलरच्या (वायरींच्या जोडाच्या) मागून पिना लावून मोजलं. कपलर जोडलेला ठेवून मोजायचं, कारण काढलेल्या कपलरवर मोजलेला सप्लाय लोड नसताना चांगलाच दिसतो. सप्लाय ४.९९ व्होल्ट. सेन्सरच्या अर्थच्या पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतचा फरक १२ मिलिव्होल्ट. सिग्नल सेन्सरपाशी १.९० आणि ईसीयूच्या टोकालाही १.९०. हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हलवून, दाबून, थोडा ओढून पाहिला, आकडा जागचा हलला नाही.

एवढ्यावर वायरिंगचं प्रकरण मिटतं, तरी त्यामागचा तर्क सांगतो, कारण तोच पुढे उपयोगी पडला. असले सेन्सर सप्लायच्या प्रमाणात सिग्नल देतात. सप्लाय कमी झाला म्हणून २.५ चे १.९ व्हायचे असतील तर सप्लाय ३.८ व्होल्टपर्यंत पडायला हवा, आणि तसं झालं तर दर किलोपास्कलला मिळणारा फरकही त्याच प्रमाणात घटेल. अर्थमध्ये रेझिस्टन्स आला तर सिग्नल खाली येत नाही, वर सरकतो. इथे दोन्हीपैकी काही घडत नव्हतं.

कपलर काढला तेव्हा स्कॅनरवरचं रीडिंग एका टोकाला गेलं. सिग्नलची वायर जंपरनं दुसऱ्या पातळीला जोडली तेव्हा ते दुसऱ्या टोकाला गेलं. म्हणजे वायर आणि ईसीयू दोन्ही ठीक. तसं पाहिलं तर कोडनंही हे सुचवलं होतंच. वायर तुटली किंवा शॉर्ट झाली असती तर पी०४५२ किंवा पी०४५३ पडला असता, म्हणजे सिग्नल फार कमी किंवा फार जास्त. अधूनमधून तुटणाऱ्या जोडाला पी०४५४ आहे. पी०४५१ चा अर्थ असा की सिग्नल त्याच्या मर्यादेत आहे, फक्त तो सांगतोय ते पटत नाही. या एका आकड्याच्या फरकाकडे नीट पाहिलं तर अर्धी दिशा तिथेच मिळते.

धूर आणि मॅनोमीटर

गळतीचा कोड होता म्हणून स्मोक मशीनही लावलं. स्कॅनरवरून व्हेंट बंद केला आणि सर्व्हिस पोर्टमधून धूर सोडला. यंत्रणा भरल्यावर मशीनचा फ्लो शून्यावर बसला. झाकण, फिलर नेक, पंपाची सील, कॅनिस्टर, सगळ्या होज, कुठूनही धूर नाही. इथे एक सांगून ठेवतो. या यंत्रणेला फार तर ३ किलोपास्कलच्या आसपास दाब द्यायचा. गॅरेजच्या कंप्रेसरची लाइन थेट लावायचा विचारही करू नये. टाकी फुटू शकते, आणि आत पेट्रोलची वाफ आहे. मशीनला साध्या हवेऐवजी नायट्रोजन देता येत असेल तर तोच द्यावा.

धूर दिसला नाही, पण या मशीननं त्याहून मोलाची गोष्ट दिली. त्याच पोर्टला टी जोडून एक मॅनोमीटर (दाब मोजायचं वेगळं उपकरण) लावला आणि मशीनचा दाब हळूहळू वाढवत दोन्ही रीडिंग शेजारी शेजारी लिहिली. मॅनोमीटर शून्यावर असताना सेन्सर १.९० व्होल्ट. अर्ध्या किलोपास्कलला २.३०. एक किलोपास्कलला २.६९. दीडला ३.१०. म्हणजे दर किलोपास्कलला ०.८ व्होल्ट, पुस्तकात लिहिलंय तसंच. सेन्सरला दाब अचूक जाणवत होता, फक्त तो मोजायला सुरुवात चुकीच्या जागेपासून करत होता. एका पारड्यात आधीच काहीतरी ठेवलेल्या तराजूसारखं. पारड्यात वजन टाकाल तेवढा काटा बरोबर सरकतो, फक्त मुळात तो मध्यावर नसतो.

आणि नळी तुंबलेली नाही हेही यातून सिद्ध झालं, कारण पोर्टवर दिलेला दाब सेन्सरपर्यंत लगेच पोचत होता.

मग पारड्यात आधीपासून काय होतं? सेन्सरचं तोंड हवेला मोकळं, सप्लाय बरोबर, अर्थ बरोबर, तरी गरम झाल्यावर तो ०.७५ किलोपास्कलनं खाली दाखवतो आणि रात्रभर थंड झाला की शुद्धीवर येतो. सेन्सरमधलं इलेक्ट्रॉनिक्स उष्णतेनं बिघडलं, असं म्हणून नवा सेन्सर मागवता आला असता. मोठ्या गॅरेजमध्ये बहुधा हेच होतं, आणि दिवा विझलाही असता. पण तो किती दिवस विझलेला राहिला असता, हा प्रश्न उरलाच असता.

सेन्सरची दुसरी बाजू

गाडी लिफ्टवर घेऊन टॉर्चच्या उजेडात सेन्सर पाहिला तेव्हा कारण समोर आलं. टाकीचा पट्टा, कॅनिस्टरचा ब्रॅकेट, होज आणि सेन्सरचं अर्धं अंग, सगळ्यावर काळ्या रबरासारखा थर होता. फॅक्टरीतला नव्हे, नंतर मारलेला. मालकांना विचारलं, "अलीकडे खालून काही काम करून घेतलंय का?" ते म्हणाले, "हो, गंज लागू नये म्हणून अंडरबॉडी कोटिंग केलं. दिवा त्यानंतरच लागायला लागला. पण त्याचा याच्याशी काय संबंध?"

संबंध सरळ आहे. हा सेन्सर टाकीतला दाब स्वतंत्रपणे मोजत नाही. तो टाकी आणि बाहेरची हवा यांच्या दाबातला फरक मोजतो. आत सिलिकॉनचा एक पातळ पडदा असतो. त्याच्या एका बाजूला टाकीची वाफ असते. दुसऱ्या बाजूला सेन्सरच्या अंगावरच्या बारीकशा भोकातून येणारी बाहेरची हवा असते. टाकीच्या बाजूकडे सगळ्यांचं लक्ष जातं, कारण तिला नळी जोडलेली दिसते. या भोकाकडे कोणी पाहत नाही. काही सेन्सरमध्ये त्यावर इवलीशी जाळी असते, काहींमध्ये हवा कपलरच्या बाजूनं घेतात. या सेन्सरचं भोक कपलरच्या खालच्या अंगाला होतं आणि त्यावर कोटिंगचा थर बसला होता.

भोक बंद झालं की पडद्यामागची हवा कोंडली जाते. कोंडलेली हवा तापली की तिचा दाब वाढतो. २७ अंश सेल्सिअसला आणि समुद्रसपाटीच्या दाबाला बंद जागेतली हवा एका अंशानं तापली तर दाब साधारण ०.३४ किलोपास्कलनं वाढतो. सेन्सरची रेंजच शून्याच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच किलोपास्कलची, त्यामुळे दोन-सव्वादोन अंशांचा फरकही आपल्याला दिसलेल्या उणे ०.७५ ला पुरतो. मागचा दाब वाढला म्हणजे पडद्याला वाटतं पुढचा दाब घटला, आणि तो ईसीयूला व्हॅक्यूम म्हणून कळवतो. एक्झॉस्ट तापून गाडीच्या पोटाखालची हवा गरम झाल्यावर नेमकं हेच होत होतं.

मग पंधरा-वीस अंशांनी तापल्यावर रीडिंग टोकाला का जात नव्हतं? कारण थर काचेसारखा घट्ट नव्हता. त्याच्या कडेनं हवा सावकाश झिरपत होती. म्हणूनच रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी शून्य दाखवायची आणि म्हणूनच पी०४५२ किंवा पी०४५३ न पडता पी०४५१ पडत होता.

आता गळतीचा कोड. गाडी तापलेली असताना कोंडलेली हवा थोडी थोडी बाहेर झिरपते. नंतर वेगात धावताना खालून वारा लागून सेन्सर थंड होऊ लागला की मागे उरलेल्या हवेचा दाब घटतो आणि रीडिंग हळूहळू वर, शून्याच्या दिशेनं आणि त्याही पलीकडे सरकतं. ईसीयूची व्हॅक्यूम टिकतो का ही तपासणी याच वेळी चालू असेल तर त्याला काय दिसणार? बंद टाकीतला व्हॅक्यूम उतरतोय. तो गळतीचा कोड टाकणार, आणि त्याच्या बाजूनं तो बरोबरच आहे. मला जास्त काळजी वाटते ती याच्या उलट घटनेची. सेन्सर तापत असताना तपासणी झाली तर रीडिंग खाली सरकेल आणि खरी गळती असली तरी ती झाकली जाईल. असा सेन्सर दोन्हीकडे फसवतो.

चढावर गाडी नेली तरी हेच व्हायला हवं. समुद्रसपाटीच्या जवळपास शंभर मीटर उंची वाढली की हवेचा दाब साधारण १.२ किलोपास्कलनं घटतो. चांगल्या सेन्सरच्या दोन्ही बाजूंचा दाब सोबतच घटतो. भोक बुजलेल्या सेन्सरची मागची बाजू मात्र खालच्या उंचीवरची हवा धरून बसते.

हातात घेऊन पाहिलेला पुरावा

तर्क जुळला तरी तो पुरावा नव्हे. बॅटरी जोडलेली ठेवून सेन्सर नळीवरून काढला आणि जोडवायरीनं टाकीपासून लांब, मोकळ्या हवेत आणला. आता त्याचं तोंड पूर्ण उघडं होतं, टाकीचा संबंधच उरला नव्हता. थोडा वेळ स्थिर होऊ दिल्यावर सिग्नल २.४९. मग सेन्सर मुठीत धरला. तळहाताच्या उबेनं काही सेकंदांत आकडा उतरायला लागला: २.४०, २.२५, २.१२. मूठ उघडली तसा तो सावकाश वर येऊ लागला. ओला फडका लावला तर २.५ ओलांडून २.७ पर्यंत गेला.

मग प्लॅस्टिकच्या बोथट पट्टीनं भोकावरचा थर कडेपासून उचलला. मीटरकडे पाहत होतो. थराचा तुकडा सुटला त्या क्षणी आकडा २.५० वर येऊन थांबला. त्यानंतर मुठीत कितीही वेळ धरला तरी दुसऱ्या दशांशाच्या पलीकडे काही हललं नाही. आतलं इलेक्ट्रॉनिक्स उष्णतेनं बिघडलं असतं तर थर काढून काहीच फरक पडला नसता. ही एक चाचणी दोन्ही कारणं वेगळी करते, म्हणून ती केल्याशिवाय सेन्सर टाकून देऊ नये. सेन्सर तापवायला हॉट एअर गन मात्र वापरायची नाही. गाडीजवळ तर नाहीच. हाताची ऊब पुरते.

दुरुस्ती

थर काढल्यावर जुना सेन्सर बरोबर वागत होता. तरी नवाच बसवला. कोटिंग मारलं तेव्हा ते पातळ होतं, भोकातून आत किती गेलं ते बाहेरून दिसत नाही, आणि आत टोचून पाहिलं तर पडदा फाटतो. पुढे केव्हातरी आतला कण सुटून पडद्यावर बसला की हाच दिवा पुन्हा लागणार. मालकांना हे सगळं मीटरवर दाखवून मगच विचारलं, आणि त्यांनीही नव्यालाच होकार दिला.

त्याच भागातल्या श्वास घेणाऱ्या बाकीच्या जागाही पाहिल्या. कॅनिस्टरच्या व्हेंटच्या फिल्टरच्या तोंडाशी कोटिंगची कड आली होती. ते पूर्ण बुजलं असतं तर पेट्रोल भरताना पंपाचं नोझल वारंवार बंद पडलं असतं. तोंड साफ केलं, फिल्टर काढून उजेडात धरून पाहिला, तो मोकळा होता. पर्ज चालू असताना टाकीत व्हॅक्यूम साठत नाही हे स्कॅनरवर पाहून घेतलं.

नव्या सेन्सरचा शून्य थंड गाडीवर पाहिला, मग गाडी तशीच फिरवून आणून गरम असताना पाहिला. दोन्ही वेळा झाकण उघडं. २.५० आणि २.५१. मॅनोमीटरशी तुलनाही पुन्हा केली. मगच कोड पुसले. कोड पुसल्यावर वाफेच्या यंत्रणेची तपासणी लगेच पूर्ण होत नाही. इंजिन थंड लागतं, आणि टाकी साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या मध्ये असावी लागते. म्हणून दिवा विझला एवढ्यावर गाडी न सोडता स्कॅनरमधून गळतीची चाचणी चालवली. व्हॅक्यूम धरला गेला आणि चाचणी पास झाली. नंतर रोजच्या वापरातही गाडीनं ती आपोआप पूर्ण केली, कोड आला नाही.

मालकांना जुना सेन्सर दिला आणि भोक कुठे असतं ते बोट ठेवून दाखवलं. पुन्हा कधी कोटिंग करायचं झालं तर सेन्सर, त्याचा कपलर, कॅनिस्टरच्या व्हेंटचं तोंड आणि गिअरबॉक्स व डिफरेन्शियलचे ब्रीदर (हवा येण्याजाण्याची तोंडं) आधी टेपनं झाकून घ्यायला सांगा, आणि काम संपल्यावर तो टेप आठवणीनं काढायला सांगा, एवढं कागदावर लिहून दिलं.